डेन्नो सेन्शी पोरिगॉन

पोकेमॉन या जपानी सचेतपट मालिकेच्या पहिल्या पर्वाचा अडतिसावा भाग. शीर्षकाचा अर्थ संगणक-योद्धा पोरिगॉन. टीव्ही टोकियो या वाहिनीने तो १६ डिसेंबर १९९७ रोजी, मंगळवारी, सायंकाळी साडेसहा वाजता दाखवला. त्या संध्याकाळी जपानभरातील शेकडो मुले आजारी पडली आणि त्यानंतर हा भाग जगात कुठेही पुन्हा प्रक्षेपित झाला नाही. मालिकेच्या इतर भागांहून तो सरस नाही, निकृष्टही नाही. त्याची ख्याती अवघ्या सहा सेकंदांच्या दृश्यांमुळे आहे.

कथानक : सातोशी (भारतीय प्रेक्षकांना परिचित असलेला अ‍ॅश) आणि त्याचे सोबती पोकेमॉन केंद्रात पोहोचतात, तेव्हा पोकेमॉनचे गोळे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी धाडणारी यंत्रणा बिघडलेली असते. ती बनवणाऱ्या शास्त्रज्ञाचे नाव डॉ. अकिहाबारा. टोकियोतल्या विजेच्या उपकरणांच्या प्रसिद्ध बाजारपेठेचेच नाव त्याला दिले आहे. मालिकेतील खलनायकांच्या रॉकेट टोळीने त्याचा पोरिगॉन पळवलेला असतो आणि ती यंत्रणेच्या आत शिरून गोळे चोरत असते. मग दुसऱ्या एका पोरिगॉनला घेऊन सातोशी, कासुमी, ताकेशी आणि पिकाचू संगणकाच्या आभासी जगात उतरतात. पोरिगॉन हा स्वतःच संगणकाच्या आज्ञावलीतून घडवलेला, गुलाबी-निळ्या कोनाकृती तुकड्यांचा पोकेमॉन असल्याने वाटाड्या म्हणून तो शोभतो. बाहेर मात्र यंत्रणेला विषाणूची लागण झाली आहे असे समजून विषाणूनाशक प्रणाली सोडली जाते. पडद्यावर ती क्षेपणास्त्रांच्या रूपात येते. पिकाचू त्यांच्यावर विजेचा लोळ फेकतो आणि स्फोट होतो.

भाग सुरू होऊन सुमारे वीस मिनिटे झाली होती. स्फोट दाखवताना लाल आणि निळ्या रंगाच्या चौकटी आलटून पालटून, सेकंदाला सुमारे बारा वेळा या गतीने दाखवल्या होत्या. प्रथम जवळजवळ संपूर्ण पडदा सुमारे चार सेकंद लुकलुकला, नंतर पूर्ण पडदा आणखी दोन सेकंद. जपानी चित्रकर्मी या युक्तीला ‘पाका पाका’ म्हणत. कमी चित्रांत जास्त थरार निर्माण करण्याची ती सर्रास वापरातली क्लृप्ती होती आणि याच मालिकेच्या आधीच्या भागांतही ती दिसते. या वेळी रंगांची जोडी, गती आणि पडद्याचा व्याप यांचा दुर्दैवी मेळ बसला.

परिणाम : कोणाला भोवळ आली, कोणाला मळमळ, डोकेदुखी, अंधूक दिसणे, काहींना आकडी येऊन शुद्ध हरपली. ६८५ मुलांना रुग्णवाहिकांतून रुग्णालयांत न्यावे लागले. त्यांत ३१० मुलगे आणि ३७५ मुली होत्या. बहुतेकांना लवकरच बरे वाटले. काहींना दाखल करून घ्यावे लागले. कोणीही दगावले नाही. त्या रात्रीच्या बातम्यांत काही वाहिन्यांनी घटनेचे वृत्त देताना तेच दृश्य पुन्हा दाखवले आणि ते पाहून आणखी मुलांना त्रास झाला. या प्रकरणातली सर्वांत अक्षम्य चूक हीच म्हणावी लागेल, कारण चित्रकर्मींना धोका ठाऊक नव्हता, वृत्तविभागांना तो ठाऊक झालेला होता.

कारणमीमांसा : प्रकाशसंवेदी अपस्मार हा विकार विरळा असतो; साधारण चार-पाच हजारांत एकाला. शाळकरी आणि किशोर वयात त्याची शक्यता जास्त. ठरावीक गतीने लुकलुकणारा प्रकाश अशा व्यक्तीच्या मेंदूतील दृष्टिकेंद्रातल्या पेशींना एकाच तालात पेटवतो आणि त्यातून झटका येतो. गडद लाल रंग त्यात विशेष घातक ठरतो. खोली अंधारी असली आणि मूल पडद्याला खेटून बसले असले, तर धोका वाढतो. झटका आलेल्यांपैकी अनेकांना पूर्वी कधीच फेफरे आले नव्हते. मात्र सौम्य त्रासाच्या तक्रारी जवळपास बारा हजारांच्या घरात गेल्या आणि त्या सगळ्यांचे कारण प्रकाश नव्हे. बेंजामिन रॅडफर्ड आणि रॉबर्ट बार्थोलोम्यू यांनी २००१ मध्ये असे मांडले, की यांतल्या बहुसंख्य तक्रारी बातम्या आणि शाळेतली चर्चा ऐकून पसरलेल्या सामूहिक मनोकायिक लक्षणांच्या होत्या. हे पटण्याजोगे आहे. पण पहिल्या संध्याकाळच्या आकड्यांना ते लागू करणे अन्यायाचे होईल.

पडसाद : टीव्ही टोकियोने दुसऱ्याच दिवशी माफी मागितली आणि मालिका थांबवली. पोलिसांनी निर्मात्यांची चौकशी केली. पोकेमॉनचे मूळ व्हिडिओ खेळ काढणाऱ्या निन्टेन्डो कंपनीच्या समभागांचा भाव घसरला. तेव्हा मूळ खेळ गेम बॉयच्या कृष्णधवल पडद्यावरचा आहे, त्याचा याच्याशी संबंध नाही, असा खुलासा अध्यक्ष हिरोशी यामाउची यांनी केला. चार महिन्यांच्या खंडानंतर १६ एप्रिल १९९८ रोजी मालिका परतली. नाताळवरचा तयार भाग २३ डिसेंबरला लागायचा होता, तो अखेर ऑक्टोबरात दाखवला गेला आणि कथेचा क्रम विस्कटला.

अशी घटना अगदीच अनपेक्षित नव्हती. मार्च १९९७ मध्ये एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारसंस्थेच्या एका सचेतपट मालिकेतील लुकलुकाटामुळे चार मुले रुग्णालयात गेली होती, आणि ब्रिटनमध्ये १९९३ च्या एका जाहिरातीनंतर याविषयीचे नियम झालेही होते. जपानने दोन्हींकडे काणाडोळा केला. एप्रिल १९९८ मध्ये एनएचके आणि खासगी प्रसारकांच्या संघटनेने मार्गदर्शक तत्त्वे आखली : लुकलुकाट, विशेषतः लाल, सेकंदाला तीन वेळांहून अधिक नसावा, तो दोन सेकंदांपेक्षा जास्त लांबू नये, पट्टे, भोवरे आणि एककेंद्री वर्तुळे यांनी पडद्याचा मोठा भाग व्यापू नये. उजेडाच्या खोलीत, पडद्यापासून दूर बसून पाहा, ही जपानी सचेतपटांच्या सुरुवातीची सूचना तेव्हापासून रूढ झाली. संकेतस्थळांच्या आंतरराष्ट्रीय सुगम्यता निकषांतही सेकंदाला तीन लखलखाटांची मर्यादा आहे.

भारतात पोकेमॉन कार्टून नेटवर्कवर आले ते पुढच्या दशकात. इथल्या मुलांनी हा भाग पाहिलाच नाही. तो बघितल्याच्या शाळकरी बढाया मात्र ऐकू येत. दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमामुळे सर्वाधिक प्रकाशसंवेदी झटके आल्याची नोंद गिनेस विक्रमसंग्रहात या भागाच्या नावावर आहे.

शिक्षा झाली ती पोरिगॉनला. वीज पिकाचूने पाडली, तरी तो मालिकेचा लाडका नायकच राहिला. पोरिगॉन आणि त्याची पुढची दोन रूपे यांना मात्र मालिकेच्या कथेत पुन्हा ठळक भूमिका मिळालेली नाही.