तणनाशकांचा मृदाजीवांवरील परिणाम
तणनाशकांमुळे मातीतील सूक्ष्मजीव व विकरांच्या क्रियाशीलतेत होणारा बदल. २,४-डी हे तणनाशक १९४० च्या दशकात, तर ग्लायफोसेट १९७४ मध्ये बाजारात आले. भातात लावणीनंतर ब्युटाक्लोर, प्रेटिलाक्लोर वापरतात (→ भात).

ग्लायफोसेट वनस्पतींचा अमिनो आम्ले बनवणारा शिकिमेट मार्ग रोखते. हाच मार्ग अनेक जीवाणू व कवकांतही असल्याने त्यांच्यावरही परिणाम संभवतो. डिहायड्रोजनेज हे विकर फक्त जिवंत पेशींत कार्य करते, म्हणून फवारणीनंतर सूक्ष्मजीवांच्या क्रियाशीलतेत होणारी घट-वाढ त्यावरून विशेष विश्वासार्हपणे कळते. याउलट युरिएज व फॉस्फटेज मृत्कणांना चिकटून पेशीबाहेरही टिकतात (→ विकर). तणनाशकाची मात्रा शिफारशीइतकी असल्यास घट बहुधा तात्पुरती असते. काही जीवाणू तणनाशकाचेच विघटन करतात. कोकणच्या जांभ्या मातीतील लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे ग्लायफोसेट घट्ट धरतात. त्यामुळे जीवाणूंना ते कमी मिळते व विघटन मंदावते (→ जांभी मृदा).

नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा भात तंत्रात चिखलणी टाळून पिकाची मुळे जमिनीतच कुजू देतात, मात्र तणासाठी ग्लायफोसेट वापरतात. सेंद्रिय कर्ब वाढवणारी पद्धत व तणनाशक येथे एकत्र येत असल्याने अभ्यासासाठी हे उदाहरण महत्त्वाचे आहे. केंद्र सरकारने २०२२ मध्ये ग्लायफोसेटचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला (→ तणनाशके).