लिपेडिमा : पायांच्या एका व्याधीचा इतिहास

स्त्रीचे पाय जाड दिसूं लागले कीं, ‘खाणें आवरा, हिंडाफिरायला लागा’ हा उपदेश घरींदारीं सुरू होतो. तो शिरोधार्य मानून कित्येकींनीं उपासतापास केले. चेहरा उतरला, कंबर बारीक झाली, पण मांड्या व पोटऱ्या जशाच्या तशाच राहिल्या. त्यांच्या सांगण्यावर मात्र कोणाचा विश्वास बसेना. श्रोतेहो, ज्या व्याधीला नांव नव्हतें, तिचा सारा दोष रोगिणीच्याच पदरीं पडत होता.

अमेरिकेंतील रॉचेस्टर येथील मेयो क्लिनिकमध्यें ॲलन व हाइन्स या डॉक्टरांनीं १९४० सालीं या व्याधीचें वर्णन करून तिला ‘लिपेडिमा’, म्हणजे चरबीची सूज, हें नांव दिलें. पुढें १९५१ सालीं वोल्ड यांच्यासह त्यांनीं ११९ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली.

ही व्याधि जवळजवळ स्त्रियांनाच होते. दोन्ही पाय नितंबांपासून घोट्यांपर्यंत सारखेच फुगतात. पाउलें मात्र मोकळीं राहतात. दाबलें तर दुखतें, लहानशा धक्क्यानें काळेंनिळें होतें. आरंभ बहुधा वयांत येतांना, गर्भारपणीं किंवा ऋतु जातांना होतो; पुष्कळदां आई-मावशीचेही पाय तसेच असतात.

आपल्याकडे पाय सुजला कीं हत्तीपायाची शंका येते. परंतु तो डांसांनीं पसरविलेल्या कृमींमुळें लसीकावाहिन्या बिघडून होतो, आणि त्यांत पाऊलही सुजतें. १९७६ सालीं स्टेमर यांनीं एक सोपी खूण सांगितली: पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशीं कातडी चिमटींत धरून पाहावी. लसीकेच्या सुजेंत ती उचलली जात नाहीं. निव्वळ लिपेडिमांत उचलली जाते.

रोग समूळ घालविणारें औषध अद्याप नाहीं. पण उपाय आहेत. घट्ट विणीचे दाबमोजे, पोहणें व चालणें, डेन्मार्कच्या व्होडर यांनीं १९३० नंतरच्या दशकांत प्रचारांत आणलेलें हलकें मर्दन, यांनीं वेदना कमी होते. निवडक रुग्णांत शस्त्रक्रियेनें चरबी शोषून काढतात. मिताहारानें इतर स्थूलता आटोक्यांत राहते. हट्टी चरबी मात्र सहसा वितळत नाहीं.

जागतिक आरोग्य संघटनेची रोगांची अकरावी वर्गीकरणसूची १ जानेवारी २०२२ पासून अंमलांत आली. तींत लिपेडिमाची स्वतंत्र नोंद आहे. नामकरणापासून येथवर ८२ वर्षें लोटलीं. म्हणून ‘मी खात नाहीं, तरी पाय उतरत नाहींत,’ असें घरांतील कोणी म्हणाली, तर हंसण्यापूर्वीं तिचें म्हणणें ऐकून घ्यावें व तिला जाणत्या डॉक्टरांकडे न्यावें. अर्धा उपचार तेथेंच सुरू होतो.