हाताची दुसरी शाळा

घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला अर्धांगवायूचा झटका आला की पहिले आठ-पंधरा दिवस सारे घर जीव वाचेल की नाही या एकाच चिंतेत असते. जीव वाचला की चिंता पायाची. काठी टेकत, भिंत धरत माणूस न्हाणीघरापर्यंत जाऊ लागला की सगळ्यांना हायसे वाटते. हाताचे नाव मात्र फारसे कोणी काढत नाही. तो मांडीवर नाहीतर गळ्यातल्या झोळीत पडून असतो. समाचाराला येणारा माणूस मराठी बोलणारा असो की कन्नड, मान हलवून एकच निदान करतो : "हात गेला."

या दोन शब्दांचा इतिहास पाहण्यासारखा आहे. कारण हात खरोखर जातो कुठे? हाड जागेवर असते, स्नायू जागेवर असतात, बोटांपर्यंत येणाऱ्या नसाही शाबूत असतात. बिघाड झालेला असतो तो वर, मेंदूत. 'हात गेला' असे ठरवून मोकळे व्हायचे, की 'हात विसरला आहे, त्याला पुन्हा शिकवू' असे म्हणायचे, या वादात वैद्यकशास्त्राची शंभराहून अधिक वर्षे गेली आहेत.

रोग जुनाच आहे. चरक-सुश्रुतांनी पक्षाघाताची गणना वातव्याधींत केली आहे. ग्रीक वैद्यांनी डोक्याच्या एका बाजूला जखम झाली की विकार शरीराच्या दुसऱ्या बाजूला उमटतो हे टिपून ठेवले होते. पण हात हलवणारी जागा मेंदूत नेमकी कोठे, हे कळायला १८७० साल उजाडावे लागले. बर्लिनमध्ये फ्रिट्श आणि हिट्झिग या दोघांनी कुत्र्याच्या उघड्या मेंदूला विजेचा सौम्य स्पर्श केला. एका जागी स्पर्श केला की पुढचा पाय हले, दुसऱ्या जागी केला की मागचा. मेंदूचा नकाशा हाती आला, आणि त्या नकाशाबरोबर एक निराशाही आली. हाताचा मुलूख ठरलेला, तो जळाला म्हणजे हात कायमचा गेला, असे लोक समजू लागले. स्पेनचा थोर शास्त्रज्ञ काहाल याने विसाव्या शतकाच्या आरंभी प्रौढ माणसाच्या मेंदूतील वाटा ठरून गेलेल्या असतात असे लिहिले. त्याचा अधिकारच एवढा मोठा, की त्या मताचे वजन पुढे अनेक दशके टिकले.

इंग्लंडात १८९५ साली मॉट आणि शेरिंग्टन यांनी एक प्रयोग केला. माकडाच्या एका हाताकडून मज्जारज्जूकडे स्पर्शाची वार्ता नेणाऱ्या नसा त्यांनी कापल्या. हालचालीचा हुकूम नेणाऱ्या नसांना धक्का लावला नाही. तरीही माकडाने तो हात वापरणे सोडून दिले. संवेदना नाही म्हणून हालचाल नाही, असा निष्कर्ष निघाला. शेरिंग्टन यांना पुढे १९३२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पण याच काळात एक वेगळा प्रयोग झाला होता. ऑग्डेन आणि फ्रांझ या अमेरिकन संशोधकांनी १९१७ साली प्रसिद्ध केलेल्या कामात मेंदूला इजा झालेल्या माकडांचा चांगला हात बांधून ठेवला आणि दुबळ्या हाताकडून काम करवून घेतले. दुबळा हात सुधारला. नुसते सोडून दिले तर सुधारत नसे. एवढी मोठी गोष्ट, पण ती जवळजवळ अर्धे शतक कपाटात पडून राहिली.

दुसऱ्या महायुद्धात हा प्रश्न वेगळ्या वाटेने पुढे आला. सोव्हिएत रशियात जायबंदी होऊन परतलेल्या सैनिकांच्या हातांवर लेओन्तिएव आणि झापोरोझेत्स या मानसशास्त्रज्ञांनी काम केले आणि १९४५ साली त्यावर पुस्तक लिहिले. त्यांचे एक निरीक्षण प्रत्येक शिक्षकाने लक्षात ठेवावे असे आहे. सैनिकाला "हात होईल तितका वर कर" असे सांगितले की हात एका उंचीवर अडे. त्याच सैनिकाला "वरची ती वस्तू घे" असे सांगितले की तोच हात आणखी वर जाई. हात, स्नायू, जखम सारे तेच. बदलले होते ते काम. नुसत्या कवायतीपेक्षा हेतू असलेले काम हाताला अधिक जागे करते, हा त्याचा अर्थ.

आपल्या देशातही याच सुमारास हाताचे एक मोठे प्रकरण लिहिले जात होते. पॉल ब्रँड हे इंग्रज शल्यविशारद १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोगाने बोटे आखडलेल्या हातांत त्यांनी चांगल्या स्नायूंचे कंडरे एका जागेवरून दुसऱ्या जागी जोडले. रोग निराळा, पण शस्त्रक्रियेनंतर प्रश्न हाच उभा राही : काल बोट वाकवणाऱ्या स्नायूने आज अंगठा फिरवायचा, हे मेंदूला शिकवायचे कसे? शल्यक्रिया काही तासांची, शिकवणी अनेक आठवड्यांची. मुंबईत १९५२ साली भौतिकोपचाराची, म्हणजे फिजिओथेरपीची, शाळा निघाली आणि १९५५ साली हाजी अलीला अखिल भारतीय पुनर्वसन संस्था उभी राहिली. हाताच्या शिक्षणाला आपल्याकडे असे छप्पर मिळाले.

याच सुमारास मेक्सिकोत एका घरात जे घडले, ते कोणत्याही घराला समजेल असे आहे. पेद्रो बाख-इ-रिता हे न्यूयॉर्कमध्ये शिकवणारे कॅटलान कवी व प्राध्यापक. १९५० च्या दशकाच्या अखेरीस, वयाच्या पासष्टीच्या सुमारास, त्यांना पक्षाघात झाला. डॉक्टरांनी फारशी आशा दाखवली नाही. त्यांचा मुलगा जॉर्ज तेव्हा वैद्यकीचा विद्यार्थी होता. पुनर्वसनाचे शास्त्र त्याला ठाऊक नव्हते. त्याने वडिलांना लहान मुलासारखे आधी रांगायला लावले, जमिनीवर गोट्या खेळायला लावले, दुबळ्या हाताने भांडी घासायला लावली. शेजाऱ्यांना हा म्हाताऱ्याचा छळ वाटे. पण प्राध्यापक पुन्हा शिकवू लागले आणि काही वर्षांनी डोंगर चढत असताना हृदयविकाराने गेले. शवविच्छेदनात मेंदूतील इजा फार मोठी असल्याचे, ती भरून आलेली नसल्याचे दिसले. म्हणजे जुनी वाट बुजलेलीच होती, आणि माणूस दुसऱ्या वाटेने चालत होता. थोरला मुलगा पॉल याने मग सारे आयुष्य मेंदूच्या या लवचीकपणाच्या अभ्यासाला दिले.

कपाटातला जुना प्रयोग पुन्हा बाहेर काढला तो एडवर्ड टॉब यांनी. संवेदना तोडलेल्या हातानेही माकड काम करू शकते, चांगला हात बांधला की झाले, हे त्यांनी दाखवले आणि शेरिंग्टन यांचा निष्कर्ष अपुरा ठरवला. त्यांचे स्पष्टीकरण साधे होते. इजेनंतर पहिल्या दिवसांत प्राणी हात हलवून पाहतो, जमत नाही. पुन्हा पाहतो, घास सांडतो. दुसऱ्या हाताने काम भागते. होता होता हात न वापरण्याची सवय लागते. पुढे हातात थोडी शक्ती परत येते, पण सवय सुटत नाही. या कामाला एक काळी किनारही आहे. १९८१ साली अमेरिकेतील सिल्व्हर स्प्रिंग येथील त्यांच्या प्रयोगशाळेतील सतरा माकडांच्या हालांवरून खटला झाला. शिक्षा पुढे वरच्या न्यायालयात रद्द झाली, तरी प्राण्यांवरील प्रयोगांचा प्रश्न त्यामुळे देशभर पेटला. माणसाच्या हाताला मिळालेल्या या ज्ञानाची किंमत कोणी मोजली, हे विसरून चालणार नाही.

टॉब यांनी पुढे हीच रीत माणसांवर आणली. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्या छोट्या अभ्यासात रुग्णाचा चांगला हात चौदा दिवस, जागेपणीचा बहुतेक वेळ, बांधलेला असे आणि त्यातले दहा दिवस रोज सहा तास दुबळ्या हाताकडून काम करून घेतले जाई. २००६ साली २२२ रुग्णांच्या मोठ्या चाचणीत ही रीत नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरली. अट एवढीच, की मनगट आणि बोटे थोडी तरी उचलता आली पाहिजेत. पार लुळ्या पडलेल्या हाताला ती लागू नाही. दरम्यान १९९६ साली रँडॉल्फ न्यूडो यांनी माकडांच्या मेंदूचे नकाशे काढून दाखवले होते, की इजेनंतर सराव मिळाला तर हाताचा उरलेला मुलूख टिकतो, शेजारीही पसरतो. सराव नसला तर तो आणखी आक्रसतो.

आता यंत्रांकडे वळू. १९९० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत नेव्हिल होगन आणि हर्मानो क्रेब्स यांनी 'एमआयटी-मॅनस' नावाचा यंत्रहात तयार केला. मॅनस म्हणजे लॅटिनमध्ये हात. रुग्णाचा हात यंत्राच्या दांड्याला बांधायचा, समोरच्या पडद्यावरील एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत तो न्यायचा. रुग्णाला जमले तर यंत्र आड येत नाही. अडला तर हलकेच ढकलते. आपल्याकडे पाटीवर मुलाचा हात धरून अक्षर गिरवून घेतात ना, अगदी तसे! मुलाचा हात चालू लागला की शिक्षक आपली पकड सैल करतो. यंत्राला हीच अक्कल शिकवण्यात आली.

यंत्राचा खरा गुण त्याच्या न कंटाळण्यात आहे. कॅथरिन लँग आणि सहकाऱ्यांनी २००९ साली उपचाराच्या शेकडो बैठका मोजून पाहिल्या, तेव्हा एका बैठकीत दुबळा हात उपयोगाची हालचाल सरासरी फक्त ३२ वेळा करतो असे आढळले. पहिलीच्या मुलाला बत्तीस वेळा 'ग' काढायला लावून अक्षर वळणदार झाले असे कोणता मास्तर म्हणेल? यंत्र एका बैठकीत हजार हालचाली करवून घेते.

तरीही इतिहास इथे सावध करतो. २०१० साली अमेरिकेत १२७ जुन्या रुग्णांवर झालेल्या चाचणीत यंत्राने शिकवलेले रुग्ण काही महिन्यांनी नेहमीच्या उपचारवाल्यांपेक्षा थोडे पुढे दिसले. पण तितक्याच हालचाली माणसाने करवून घेतल्या, तर यंत्र आणि माणूस यांत फरक उरला नाही. २०१९ साली ब्रिटनमधील ७७० रुग्णांच्या चाचणीत तर यंत्राच्या सरावाने हाताच्या रोजच्या कामात नेहमीच्या उपचारांपेक्षा ठळक सुधारणा दिसली नाही. पडद्यावरच्या ठिपक्यापर्यंत गेलेला हात पाण्याच्या पेल्यापर्यंत जाईलच असे नाही. लेओन्तिएव यांची 'वरची वस्तू' इथे पुन्हा आठवते.

२०२१ साली मानेतील एका नसेला सरावाच्या क्षणी विजेची सूक्ष्म चालना देणाऱ्या उपकरणाला अमेरिकेत मान्यता मिळाली. वेल्लोरच्याच महाविद्यालयाने आयआयटी मद्रासबरोबर 'प्लूटो' नावाचे छोटे, मेजावर मावणारे, मनगट-बोटांचे यंत्र तयार केले. दुसऱ्या टोकाला व्ही. एस. रामचंद्रन यांचा साधा आरसा आहे. तुटलेल्या हाताच्या भासमान वेदनेसाठी त्यांनी तो १९९० च्या दशकात वापरला आणि १९९९ साली पक्षाघाताच्या नऊ रुग्णांवर तो आजमावल्याचे प्रसिद्ध झाले. आरशात चांगल्या हाताचे प्रतिबिंब दुबळ्या हाताच्या जागी दिसते आणि मेंदूला तो हात हलल्याचा भास होतो. २०१८ सालच्या आढाव्यात या उपायाचा उपयोग होतो असे आढळले. लाखांचे यंत्र आणि बाजारातला आरसा, दोघेही एकाच वर्गात बसतात.

आपल्या दुभाषी मुलखासाठी आणखी एक गोष्ट. उजवा हात लुळा पडतो तेव्हा इजा मेंदूच्या डाव्या भागात असते, आणि बहुतेकांची वाचाही तिथेच. त्यामुळे हात आणि शब्द पुष्कळदा बरोबर हरवतात. कोणती भाषा आधी परतते? फ्रान्समध्ये रिबो यांनी १८८१ साली बालपणीची भाषा आधी येते असे मांडले. पित्र यांनी १८९५ साली रोजच्या वापरातली आधी येते असे म्हटले. दोन्ही प्रकारचे रुग्ण पाहायला मिळतात. उपचार करणाऱ्या मुलीने कन्नडमध्ये "कै एत्ती" म्हटले आणि आजींनी हात उचलला नाही, तर आजींना जमत नाही असे लगेच ठरवू नये. "आजी, एवढी वाटी द्या बघू" असे घरच्या बोलीत एकदा म्हणून पाहावे.

मग घरच्यांनीच सारे शिकवावे का? भारतातील चौदा रुग्णालयांत १२५० रुग्णांवर याची चाचणी झाली आणि २०१७ साली तिचा निकाल आला. घरच्या माणसाला शिकवून त्याच्यावर पुनर्वसन सोपवले, तर सहा महिन्यांनी मृत्यू व परावलंबन यांत फरक पडला नाही. निकाल कडू आहे, पण उपयोगी आहे. प्रेम हे जाणकाराच्या जागी बसू शकत नाही. झटका आल्याबरोबर मोठे रुग्णालय गाठायचे, नंतर फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली काम करायचे आणि जाहिरातीतल्या यंत्राच्या हप्त्यांवर सही करण्यापूर्वी त्यांनाच विचारायचे, हा क्रम सोडू नये. लुळा हात ओढून माणसाला उठवू नये, खांदा दुखावतो.

घराच्या हातात मात्र एक गोष्ट पुरेपूर आहे. आपल्याकडे वडिलांच्या आजारपणात त्यांना काहीही करू न देणे ही सेवा समजली जाते. सून घास भरवते, नातू बटणे लावतो, मुलगा पाण्याचा पेला ओठांशी नेतो. यात माया आहेच. पण टॉब यांच्या माकडाने जी सवय एकट्याने लावून घेतली, ती इथे सारे घर मिळून लावते. सगळेच हात पूर्ववत होत नाहीत, पुष्कळ होत नाहीत, हे खरे. तरी शेंगा सोलायला बसलेल्या घोळक्यात आजोबांच्या पुढ्यातही चार शेंगा ठेवाव्यात. वेळ लागेल, सांडतील. त्या उचलण्याची घाई आपण करू नये.