सुश्रुताचार्य आणि पुण्याजवळचा कुंभार

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहा, असा आपल्या चिटणीसबाईंचा आग्रह झाला. मी काही पंडिता नव्हे. परंतु घरातल्याच एका आठवणीने मला विषय सुचविला.

आमच्या थोरल्या आत्याबाईंच्या उजव्या कानाची पाळी झुब्यांच्या भाराने फाटली होती. जन्मभर त्या बाजूने त्यांनी पदर पुढे ओढून घेतला. लग्नकार्यात त्या मागच्या रांगेत बसत. कोणी विचारलेच, तर म्हणत, "लुगडं फाटलं तर शिवता येतं, कान कोण शिवणार?" पुढे वाचनात आले की, फाटलेली पाळी जोडण्याची विद्या आपल्याच देशात फार पूर्वी लिहून ठेवलेली आहे. एक नव्हे, तिचे पंधरा प्रकार! तेव्हा आत्याबाईंची आठवण होऊन मन चरकले.

ही विद्या सांगणारे सुश्रुताचार्य. ते विश्वामित्रांचे पुत्र आणि काशीराज दिवोदास धन्वंतरींचे शिष्य, असे परंपरा सांगते. त्यांच्या नावाची सुश्रुतसंहिता पुढे कित्येक शतके इतरांच्याही हातून वाढत गेली. परंतु तिचा गाभा दोन हजार वर्षांहून जुना मानतात. लहान मुलांचे कान टोचावे कसे, मुलाचा आधी उजवा आणि मुलीचा आधी डावा, इथपासून फाटलेली पाळी जोडण्यापर्यंत सर्व तीत आहे. पाळीच्या कडा ताज्या करून जुळवाव्यात, मध व तूप लावावे, वर कापूस ठेवून दोऱ्याने बांधावे. बंध फार घट्ट नको, फार सैलही नको. वाचताना एखादी जाणती आजी शेजारी बसून सांगते आहे, असे वाटते.

शिष्याचा हात तयार करण्याची त्यांची रीत तर आपल्या स्वयंपाकघरातलीच वाटेल. कापण्याचा सराव कोहळा, दुध्या, काकडी यांवर. शीर उघडण्याचा सराव मेलेल्या जनावराच्या शिरेवर किंवा कमळाच्या देठावर. पट्टी बांधण्याचा सराव कापडाच्या बाहुलीवर. हे सारे साधल्यावाचून जिवंत माणसावर शस्त्र चालवायचे नाही.

याहून मोठी गोष्ट म्हणजे शरीर आतून पाहण्याचा आग्रह. मृतदेह गवताने वेढून, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवावा; मग वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंचल्याने हळूहळू घाशीत कातडीपासून आतपर्यंत एकेक थर डोळ्यांनी पाहावा, असे ते सांगतात. हाडांची संख्या ते ३०० देतात. आज आपण प्रौढ माणसाच्या अंगात २०६ हाडे मोजतो. सुश्रुतांनी दात व कूर्चाही हाडांतच धरल्या होत्या. ज्याला नुसता ग्रंथ येतो किंवा ज्याला नुसते हातकाम येते, तो एका पंखाच्या पक्ष्यासारखा, असे त्यांचे मत होते. भगिनींनो, ही उपमा ध्यानात ठेवा. पुढची सारी हकीकत तिच्यावरच उभी आहे.

आता काशीहून आपल्या पुण्याकडे येऊ. कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी इंग्रजी फौजेत बैल हाकण्याच्या कामावर होता. १७९२ च्या लढाईत तो टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचे नाक व एक हात कापला. सुमारे वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या एका कारागिराने त्याला नवे नाक बसविले. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज डॉक्टरांनी हे काम समक्ष पाहिले. आधी मेणाचे नाक करून ते चेहऱ्यावर बसते का ते पाहिले. मग तेच मेण सपाट करून कपाळावर ठेवले व त्याभोवती रेघ ओढली. तेवढी कातडी सोडविली, पण दोन भुवयांच्या मध्ये ती जोडलेलीच ठेवली, म्हणजे रक्त वाहते राहून ती जिवंत राहावी. मग ती खाली वळवून नाकाच्या जागी बसविली. चिकटविण्यासाठी काय वापरले असेल? आपल्या पानाच्या डब्यातला कात! तो पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांना लावला. चार दिवसांनी तुपात भिजविलेले फडके ठेवले. सुमारे पंचवीस दिवसांनी वरचा जोड कापला.

ही हकीकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' मासिकात चित्रासह छापून आली. ती वाचून कार्प्यू नावाच्या लंडनच्या शस्त्रवैद्याने १८१४ मध्ये तशीच शस्त्रक्रिया केली व १८१६ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. कपाळाच्या कातडीने नाक घडविण्याची ही रीत आजही जगभर 'भारतीय पद्धत' म्हणून ओळखली जाते.

सुश्रुतांनी गालाची कातडी सांगितली होती; पुण्याच्या कारागिराने कपाळाची घेतली. म्हणजे विद्या नुसती जपली गेली नव्हती, हाताहातांतून ती पुढेही सरकली होती. त्या इंग्रजी वृत्तान्तात या माणसाची जात 'विटा करणाऱ्याची' अशी दिली आहे. म्हणजे आपला कुंभार. ईट गावात राहून हे वाचताना मला मौज वाटली. पण लगेच खंतही वाटली. त्यात रोग्याचे नाव आहे, पाहणाऱ्या डॉक्टरांची नावे आहेत. ज्याने नाक घडविले, त्याचे नाव मात्र नाही.

असे का झाले? आपल्याकडे ग्रंथ एकाच्या घरी आणि हात दुसऱ्याच्या घरी, अशी वाटणी झाली होती. प्रेताला शिवणे विटाळाचे, रक्ताचे काम हलके, असे ठरले. पक्ष्याचे दोन पंख दोन घरांत गेले. ते पुन्हा जुळायला १८३६ साल उजाडले. सुश्रुतसंहिता छापून काढणाऱ्या पंडित मधुसूदन गुप्तांनीच त्या वर्षी कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात मानवी देहाचे विच्छेदन केले. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये निघाले.

नाक म्हणजे अब्रू, असे आपण म्हणतो. जुन्या काळी नाक कापण्याची शिक्षा नवऱ्याच्या नुसत्या संशयावरून बायकांच्याही वाट्याला येई. अशा किती जणींना त्या अनामिक हातांनी पुन्हा उजळ माथ्याने उभे केले असेल!

शेवटी एक विनंती. मी जिच्या हातून जन्मले, त्या सुईणीला सारी गल्ली 'सुईण आजी' म्हणे. हा लेख लिहिताना मी चार जुन्या घरी तिचे नाव विचारले. कोणालाच सांगता आले नाही. ती गेली, हात गेला, नावही गेले. आपल्या मंडळाने एक वही करावी. गावात ज्यांनी बाळंतपणे केली, मोडलेली हाडे बसविली, त्यांची नावे जाणत्या बायांना विचारून तीत उतरवावीत. पुण्याजवळच्या त्या कुंभाराचे नाव आता मिळणे नाही. आपल्या सुईणींची नावे मात्र अजून कोणाच्या तरी तोंडी असतील.