शिपायाचें वेतन



गेल्या पंधरवड्यांत गडहिंग्लजकडील एक मुलगा माझ्याकडे आला. लष्करांत भरती व्हावें असें त्याच्या मनांत आहे. "मास्तर, पगार किती तें मला ठाऊक आहे, पण नोकरी संपल्यावर काय, तें नीट कोणी सांगत नाहीं," असें तो म्हणाला. इतिहासाच्या मास्तराजवळ इतिहासच असणार. त्याला जें सांगितलें, तेंच आज आपणांपुढें मांडतों.

शिवछत्रपतींच्या फौजेंत स्वार दोन प्रकारचे असत. बारगीर सरकारी घोड्यावर बसे. शिलेदार स्वतःचें घोडें व हत्यार घेऊन येई. शिलेदाराचा आंकडा मोठा दिसे खरा, पण घोड्याचा खर्चही त्याच्याच अंगावर असे. वेतन गांवें तोडून न देता रोख द्यावें, असा महाराजांचा कटाक्ष होता. कृष्णाजी अनंत सभासदानें इ. स. १६९७ च्या सुमारास लिहिलेल्या बखरींत अफझलखानाच्या वधानंतरची, म्हणजे १६५९ ची, एक हकीकत आहे. लढाईंत पडलेल्यांच्या मुलांना महाराजांनीं चाकरीस घेतलें. ज्यांना पुत्र नव्हता त्यांच्या बायकांना निमें वेतन लावून दिलें. जखमींना जखम पाहून पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत दिले. आज ज्याला आपण कुटुंबनिवृत्तिवेतन म्हणतों, त्याचा हा पूर्वजच नव्हे काय?

पुढें राजाराम महाराजांच्या काळीं खजिना रिता झाला आणि सरंजाम देणें भाग पडलें. रोख पैसा खर्चून जातो, जमीन पिढ्यान्‌पिढ्या राहते, असें शिपायालाही वाटे. पण राहते ती कोणाच्या मर्जीनें, हें आमच्या करवीर राज्यांतील गडकऱ्यांना १८४४ सालीं कळलें. गडाची राखण वंशपरंपरेनें करावी आणि त्याबद्दल नेमून दिलेली जमीन खावी, हेंच त्यांचें वेतन. इंग्रजांनीं नेमलेले कारभारी दाजी कृष्ण पंडित यांनीं ह्या जमिनी मामलेदारांच्या ताब्यांत दिल्या. आज व्यवस्था गेली, उद्यां जमीनही जाईल, हें गडकऱ्यांनीं ओळखलें. सामानगडाचे दरवाजे बंद झाले. भुदरगड उठला, पन्हाळाही उठला. साताऱ्याचे रेसिडेंट कर्नल ओव्हान्स पन्हाळ्यावर कैदेंत पडले! बेळगांवाहून फौज आली. ऑक्टोबरांत सामानगड पडला, डिसेंबरांत पन्हाळा. गड निकामी झाले आणि गडकऱ्यांची चाकरीही बुडाली. शाळेंत आम्ही १८५७ घोळून घोळून शिकविलें; ह्या बंडाला मात्र मीं स्वतः कधीं दोन ओळींपेक्षां अधिक वेळ दिला नाहीं, याची आज लाज वाटते.

कंपनीच्या शिपायाचा पगार महिना सात रुपये असे, आणि मुलुखाबाहेर गेल्यावर मिळणाऱ्या भत्त्यावरून तंटे होत, तो निराळा विषय.

त्या मुलाचें गांव सामानगडाच्या पायथ्याशींच आहे. मग आम्ही दोघांनीं २०२२ सालीं जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेचा कागद वाचला. मुदत चार वर्षांची. पहिल्या वर्षीं महिना ३०,००० रुपये, चौथ्या वर्षीं ४०,०००. त्यांतून शेंकडा ३० सेवानिधींत कापले जातात व तितकीच भर सरकार घालतें. अखेरीस व्याजासह सुमारें ११.७१ लाख हातीं येतात. निवृत्तिवेतन नाहीं, शेंकडा २५ पर्यंतच कायम होतात. म्हणजे पहिल्या वर्षीं हातांत २१,०००. त्यानें तो आंकडा वहीच्या मागील पानावर लिहून घेतला, आणि "बाबांना दाखवितों," म्हणून निघून गेला.