निगेटिव्हवरील दोषांची चिकित्सा

हस्तलिखितात अशुद्ध पाठ आढळला की तो तत्काळ दुरुस्त करावयाचा नाही. लेखनपरंपरेच्या कोणत्या टप्प्यावर तो शिरला हे आधी ठरवावयाचे, असा पाठचिकित्सेचा दंडक आहे. चार बाय पाच किंवा आठ बाय दहा इंचांची सुटी कृष्णधवल फिल्म घरी धुणाऱ्यालाही हाच दंडक उपयोगी पडतो. डागाचे रूप पाहून त्याला नाव देता येते. पण त्यावरचा उपाय त्याच्या उत्पत्तिस्थानावर अवलंबून असतो. हे उत्पत्तिस्थान इतिहासक्रमात कसे सरकत गेले, हे प्रस्तुत टिपणात पाहावयाचे आहे.

फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ मध्ये कलोडियनची ओली पद्धत प्रसिद्ध केली. तीत काचेवर लेप देणे, तो प्रकाशसंवेदी करणे व ओला असतानाच चित्र उमटविणे ही सर्व कामे छायाचित्रकारालाच करावी लागत. त्यामुळे दोष दिसला की काच, रसायने, पाणी आणि हात या सर्वांवर सारखाच संशय येई. रिचर्ड लीच मॅडॉक्स याने १८७१ मध्ये जिलेटिनचा लेप सुचविला आणि त्या दशकाअखेर कारखान्यात तयार झालेल्या कोरड्या प्लेटी बाजारात आल्या. जुने दोष मागे पडले, परंतु नवे उपजले. कोमट पाण्यात जिलेटिन फुगे व काचेच्या कडेपासून झालरीसारखे सुटे. त्यावर तुरटीचा उपाय रूढ झाला. १८९० मध्ये हर्टर व ड्रिफील्ड यांनी प्रकाशाची मात्रा आणि निगेटिव्हची घनता यांचा संबंध मोजून दाखविला. ‘चित्र फिके आले’ या तक्रारीचे त्यामुळे दोन स्वतंत्र प्रश्न झाले : प्रकाश कमी पडला, की डेव्हलपरची क्रिया अपुरी राहिली? छायाभागात तपशीलच नसेल तर पहिले कारण. तपशील असून सर्व चित्र मिळमिळीत असेल तर बहुधा दुसरे.

कारखान्यातही एक कोडे उरले होते. कृती तीच असूनही जिलेटिन बदलले की लेपाची संवेदनशीलता बदले. सॅम्युएल शेपर्ड याने १९२५ मध्ये दाखवून दिले, की याचे कारण जिलेटिनमधील गंधकयुक्त संयुगांचा अत्यल्प अंश होय. मोहरीला तिखटपणा देणारे द्रव्य त्याच वर्गातले. अशा शोधांमुळे कारखान्याचा माल अधिकाधिक एकसारखा होत गेला आणि संशयाचा रोख धुणाऱ्याच्या हाताकडे वळला.

त्या हाताच्या खुणा वाचता येतात. फिल्मच्या होल्डरच्या पट्टीखाली झाकली गेलेली कड येथे मुख्य साक्षीदार होय. काळा पट्टा त्या कडेपर्यंत पोहोचला असेल, तर फिल्म होल्डरबाहेर असताना प्रकाश लागला, म्हणून अंधारखोली तपासावी. कड स्वच्छ राहून केवळ चित्रभाग काळवंडला असेल, तर कॅमेरा वा होल्डर तपासावा. रेखीव, वाटोळा, पारदर्शक ठिपका हा डेव्हलपरमध्ये चिकटून राहिलेल्या बुडबुड्याचा. वेडावाकडा सूक्ष्म ठिपका बहुधा धुळीचा. दुधाळ छटा म्हणजे हायपोतील अपुरे स्थिरीकरण. ते पुन्हा करता येते. बुडबुड्याखाली जे उमटलेच नाही, ते मात्र परत आणता येत नाही.

हा भेद किती मोलाचा आहे, हे ॲन्सेल ॲडम्सच्या ‘मूनराइज, हर्नांडेझ’ या चित्रावरून कळते. न्यू मेक्सिकोतील त्या खेड्यापाशी त्याला प्रकाशमापक सापडेना, म्हणून चंद्राच्या ज्ञात तेजावरून त्याने हिशेब केला आणि आठ बाय दहा इंचांची एकच फिल्म टिपली. दुसरी टिपण्यापूर्वी क्रुसांवरचा प्रकाश गेला. खगोलगणितावरून ती तारीख १ नोव्हेंबर १९४१ ठरते. आकाश उजळ आणि पुढील भूमी क्षीण, ही अडचण ओळखून त्याने फिल्म डेव्हलपर व निश्चल पाणी यांत आळीपाळीने दहा वेळा ठेवली. उजळ भागातील डेव्हलपर पाण्यात लवकर संपतो, छायाभागातील काम करीत राहतो, हे त्यामागील तत्त्व. तरीही भूमीचा भाग पातळच राहिला. १९४८ मध्ये त्याने फिल्मचा तेवढाच भाग चांदीची भर घालणाऱ्या द्रावणात बुडवून घनता वाढविली. अशी भर मूळच्या चांदीवरच चढते. कोऱ्या जागी ती काहीही निर्माण करीत नाही. ॲडम्सला यश आले, कारण त्याचा दोष क्षीणतेचा होता, अभावाचा नव्हता.

तात्पर्य, दोष दिसताच रसायन बदलू नये. प्रथम कड पाहावी, मग छायाभाग पाहावा आणि दोष कोणत्या टप्प्यावरचा हे ठरल्यावरच हात घालावा. संपादकाजवळ निदान दुसरी पोथी असण्याचा संभव असतो. या निगेटिव्हची दुसरी प्रत नसते.