सहा दिवसांची परीक्षा आणि जुनी फटफटी

पावसाळा सरला की मुंबईच्या उपनगरांतून जुन्या मोटारसायकलींचे जथे बाहेर पडू लागतात. मुलुंड-घाटकोपरची मंडळी लालबहादूर शास्त्री मार्गाने, तर अंधेरी-बोरिवलीची घोडबंदरवरून ठाण्याकडे निघतात. पुढे कोणी कसाऱ्याचा थळ घाट चढतो, कोणी मुरबाडवरून माळशेज गाठतो आणि तीन-चार दिवस मुरमाच्या, दगडगोट्यांच्या वाटा तुडवून परततो. बुलेट, जावा, येझदी, राजदूत अशा या गाड्या बहुधा चालवणाऱ्यापेक्षा वयाने मोठ्या असतात. मग त्या अशा वाटांवर टिकतात कशा? हा प्रश्न हौसेचा वाटला तरी त्याचे उत्तर तंत्रज्ञानाच्या इतिहासात आहे.

'रस्ता सोडून गाडी चालवणे' ही कल्पनाच मुळात नंतरची आहे. १८८५ साली जर्मनीत डाइमलर आणि मायबाख यांनी पेट्रोल इंजिनाची पहिली दुचाकी बनवली, तेव्हा तिला लाकडी चाके होती आणि समोर होता तो बैलगाड्या-घोडागाड्यांचा खडबडीत रस्ता. पुढे मोटारसायकली विकल्या जाऊ लागल्या, तेव्हा गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न वेगाबद्दल नसे. गाडी वाटेत मोडणार तर नाही ना, एवढेच त्याला हवे असे. याची जाहीर परीक्षा घेण्यासाठी १९१३ साली इंग्लंडमधील कार्लाइल येथे सहा दिवसांची आंतरराष्ट्रीय चाचणी सुरू झाली.

या चाचणीचे नियम शिक्षकांनी मुद्दाम पाहावेत असे आहेत. रोज ठरावीक अंतर ठरावीक वेळात, चिखल, ओढे, डोंगरवाटा यांतून कापायचे. सुरुवातीलाच गाडीच्या मुख्य भागांवर खुणा करून ठेवत, म्हणजे ते गुपचूप बदलता येऊ नयेत. रात्री गाड्या पंचांच्या ताब्यात. वाटेत काही बिघडले तर स्वाराने स्वतःच, जवळच्या हत्यारांनी दुरुस्त करायचे. इतर कोणाचा हात लागता कामा नये. सुवर्णपदक पहिल्या येणाऱ्या एकट्याला मिळत नसे. एकही गुण न गमावता सहा दिवस पार पाडणाऱ्या प्रत्येकाला ते मिळे. थोडक्यात, ही शर्यत कमी आणि यंत्राची व माणसाची परीक्षा अधिक होती.

१९३९ च्या ऑगस्टमध्ये ही चाचणी ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग येथे चालू असतानाच युद्धाचे ढग जमले आणि ब्रिटिश स्वारांना घाईने माघारी जावे लागले. ती पुन्हा भरली १९४७ साली, चेकोस्लोव्हाकियातील झ्लीन येथे. दरम्यान अभियंत्यांसमोर एक जुना प्रश्न तसाच उभा होता. त्या वेळच्या बहुतेक मोटारसायकलींचे पुढचे चाक स्प्रिंगवर असे. मागचे मात्र सांगाड्याला पक्के जोडलेले असे. स्वार सीटच्या स्प्रिंगवर हेलकावे खाई, चाक मात्र दगडावरून उडे.

चाक उडाले तर बिघडते काय? गाडी पुढे जाते ती मागचे चाक आणि जमीन यांच्यातील घर्षणामुळे. घर्षणबल चाक जमिनीवर जो दाब देते त्यावर अवलंबून असते. चाक हवेत असताना हा दाब शून्य, म्हणून घर्षणही शून्य. इंजिन कितीही जोरात फिरले तरी ती शक्ती वाया जाते. विद्यार्थ्यांना सायकलवर हे अनुभवता येईल. चाकात हवा ठासून भरून मैदानातील खडीवरून सायकल न्यावी, मग थोडी हवा कमी करून तीच फेरी मारावी. दुसऱ्या वेळी चाक कमी उडते आणि जमीन अधिक धरते.

रॉयल एनफिल्ड या इंग्लिश कंपनीने बुलेटच्या नव्या नमुन्यात मागचे चाक पुढच्या टोकाशी बिजागरासारख्या फिरणाऱ्या दांड्यावर बसवले आणि दांड्याच्या दोन्ही बाजूंना तेलाचे शॉक-अॅब्सॉर्बर लावले. नुसती स्प्रिंग असती तर एका दगडानंतर गाडी झुलतच राहिली असती. शॉक-अॅब्सॉर्बरमधील तेल बारीक छिद्रांतून जाताना ही गतिज ऊर्जा उष्णतेत बदलते. खराब वाटेवरून आल्यावर त्याला हात लावला तर तो कोमट लागतो. 'असली मऊ गाडी डोंगरात काय टिकणार' असे जुन्या जाणत्यांचे मत होते. १९४८ साली इटलीतील सॅन रेमो येथे झालेल्या सहा दिवसांच्या चाचणीत दोन बुलेटस्वारांनी सुवर्णपदके मिळवली आणि ते मत मागे पडले.

चेक लोकही याच प्रश्नावर काम करत होते. यानेचेक यांच्या कारखान्याने १९२९ मध्ये वांडरर या जर्मन कंपनीचा परवाना घेतला; दोन्ही नावांच्या आद्याक्षरांतून 'जावा' हे नाव तयार झाले. जर्मन अमलाखाली असताना तेथील अभियंत्यांनी गुपचूप एक २५० सीसीची गाडी विकसित केली. युद्धानंतर ती बाजारात आली तेव्हा मागच्या स्प्रिंगमुळे लोकांनी तिला 'पेराक', म्हणजे स्प्रिंगवाली, असे नाव दिले. १९५४ च्या नमुन्यात जावानेही मागे फिरता दांडा स्वीकारला.

याच दोन गाड्या भारतात आल्या. सीमेवरील गस्तीसाठी सरकारला दणकट मोटारसायकल हवी होती, तिच्यासाठी बुलेटची निवड झाली. १९५५ साली मद्रासला एनफिल्ड इंडिया स्थापन झाली. जावा आणली ती रुस्तम आणि फारोख इराणी यांनी. त्यांच्या आयडियल जावा कंपनीचा म्हैसूरचा कारखाना १९६१ साली सुरू झाला आणि १९९६ पर्यंत चालला. येझदी तिथलीच. युरोपातील डोंगरवाटांवर उत्तीर्ण झालेली रचना आपल्या घाटांत रुळली ती अशी.

इंजिनातही त्या काळाच्या खुणा दिसतात. बुलेट ३५० च्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ९० मिलिमीटर. जावा २५० चे आकडे ६५ आणि ७५. यावरून दोन्ही इंजिनांचे घनफळ काढण्यास विद्यार्थ्यांना सांगावे. ते अनुक्रमे सुमारे ३४६ आणि २४९ घनसेंटिमीटर येते. व्यासापेक्षा धाव जास्त आणि जोडीला जड गतिचक्र, त्यामुळे इंजिन संथ फिरतानाही गाडी रेटत नेते. चिखलात नेमके हेच लागते.

या गाड्यांचे दोषही तितकेच खरे आहेत. जावाचे इंजिन दोन धावांचे. त्यात वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. माळशेजचा लांब उतार उतरताना स्वाराने अॅक्सिलरेटर पूर्ण बंद ठेवला, तर पेट्रोलबरोबर तेलही थांबते आणि कोरडा दट्ट्या सिलिंडरमध्ये अडकू शकतो. म्हणून जाणता स्वार उतारावरही अधूनमधून अॅक्सिलरेटर थोडा पिळतो. पुन्हा या इंजिनात न जळलेल्या पेट्रोलचा काही अंश धुरावाटे बाहेर पडतो. ड्रम ब्रेक तापले की त्यांची पकड कमी होते. वाट निवडतानाही विवेक हवा. बोरिवली ते मुलुंड पसरलेले राष्ट्रीय उद्यान किंवा सह्याद्रीवरील फुलांची पठारे ही काही परीक्षेची मैदाने नव्हेत. चाकाखाली दबलेली माती पाणी शोषून घेत नाही आणि तिथे पुन्हा रोपे रुजायला फार काळ लागतो.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील वाहनांसाठी वेगळी नोंदणी ठरवली. तिचे शुल्क वीस हजार रुपये असून नंबरात 'व्हीए' ही अक्षरे येतात. अशी गाडी प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, जुन्या गाड्यांची रॅली अशा कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापरासाठी नाही. यामुळे यंत्र जपले जाईल. पण सहा दिवसांच्या चाचणीत परीक्षा यंत्राइतकीच हातांचीही होती. इंजिनाच्या आवाजावरून प्रज्वलनाची वेळ चुकली आहे हे ओळखणे, प्लगचा रंग पाहून पेट्रोल जास्त जाते की हवा हे सांगणे, आरे ताणून वाकडे चाक सरळ करणे, हे ज्ञान उपनगरांतील लहान गॅरेजांतल्या मेकॅनिकांकडे आहे. त्यांतील बरेच आता वयस्क आहेत, आणि या ज्ञानाची नोंदणी कोणत्याही कार्यालयात होत नाही.

शाळेजवळच्या अशा एखाद्या मेकॅनिकला एक दिवस जुन्या इंजिनासह वर्गात बोलवावे. घर्षण, दोलन, ज्वलन आणि उष्णता हे चार धडे तो एका दुपारी उलगडून दाखवील. विद्यार्थ्यांनी त्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत वहीत उतरवून घेतले, तर इतिहासाचे एक साधनही तयार होईल.